पैसे वसूल की दिवस वसूल? लहान मुलांना थीम पार्कला नेताना



दिवाळीची सुट्टी संपली की पहिलीच्या वर्गातला पहिला तास गप्पांचाच असतो. कोण मामाकडे गेलं, कोणी किल्ला केला, कोणाला नवीन सायकल मिळाली. एका वर्षी एक मुलगा आईबाबांबरोबर मोठ्या थीम पार्कला जाऊन आला होता. सगळा वर्ग कान टवकारून बसला. मी विचारलं, "मग काय काय केलंस रे तिथे?" त्याने जरा आठवून सांगितलं, "आम्ही लायनीत उभे राहिलो. मग पप्पा ओरडले. मग आईस्क्रीम खाल्लं. मग परत लायनीत उभे राहिलो."

वर्ग हसला. मीही हसले, पण माझं हसू फार टिकलं नाही. कारण त्याआधी दोनच वर्षांपूर्वी ओरडणाऱ्यांच्या जागी मी स्वतः होते. आजचा लेख त्याच दिवसाबद्दल आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अशा मोठ्या ठिकाणी नेताना आपलं नेमकं काय चुकतं, आणि काय केलं तर तो दिवस मुलाचा होतो, हे यात मांडते आहे.

माझ्या लेकीचा 'नको'

लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. आम्ही बरेच दिवस ठरवून, पैसे बाजूला टाकून एका मोठ्या पार्कला गेलो होतो. पहाटे चारला उठून निघालो. फाटकातून आत शिरल्यापासून माझं एकच चाललं होतं: तिकीट एवढ्याचं, राइड इतक्या, म्हणजे दुपारपर्यंत निदान अर्ध्या तरी झाल्याच पाहिजेत. पैसे वसूल व्हायला नकोत का!

होडीच्या आकाराचा एक भलामोठा झोपाळा होता. दोन्ही टोकांना उंच जाऊन खाली येणारा. तिथे उंची मोजायची पट्टी होती. लेक त्या रेघेत अगदी काठोकाठ बसली. मला केवढा आनंद! "बघ, तू मोठी झालीस." तिने होडीकडे पाहिलं, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, मला नको."

आता खरं सांगते, तो 'नको' मी ऐकला होता. ऐकला नाही असं म्हणायची सोय नाही. पण पाऊण तास रांगेत काढला होता. मी म्हणाले, "त्यात काय घाबरायचं? ती बघ, तुझ्याएवढीच मुलगी बसलीय. आणि एवढे पैसे दिलेत ना आपण?" तिचे बाबा म्हणाले, "राहू दे, नको म्हणतेय तर." पण मी ऐकलं नाही. तिला घेऊन बसले.

होडी हलली तशी आजूबाजूची मुलं किंचाळायला लागली, हसायला लागली. माझी लेक गप्प होती. एक शब्द नाही, रडणंही नाही. मला वाटलं, बघा, सवय झाली. खाली उतरल्यावर तिच्या हाताकडे पाहिलं. समोरचा दांडा धरून धरून तळव्यावर वळ उठले होते.

पार्कवाल्यांचं यात काही चुकलं नव्हतं. पट्टी बरोबर होती, पट्टा घट्ट होता, कर्मचारी सावध होता. चूक माझी होती. त्यानंतर कितीतरी महिने लेक शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्यावर बसली नाही. गावच्या जत्रेत पाळण्याजवळून जाताना ती माझ्याकडून सुटून बाबांच्या पलीकडच्या बाजूला जायची. झोपाळ्याची भीती हळूहळू गेली. पण त्या पलीकडे जाण्यातून तिने मला जे सांगितलं, ते मी विसरले नाही. तिला पाळण्याची भीती होती, आणि पाळण्याजवळ आईचीही.

जत्रा आणि पार्क: फरक कुठे आहे?

मी पुष्कळ विचार केला, की जत्रेत मी असं कधीच का केलं नसतं? जत्रेत मूल चक्रीकडे बघून नको म्हणालं, तर आपण "बरं, चल भेळ खाऊ" म्हणतो आणि पुढे जातो. कारण जत्रेत पैसे पाळण्यागणिक द्यायचे असतात. मुलाने नको म्हटलं की पैसे वाचतात. पार्कात सगळे पैसे फाटकावरच दिलेले असतात. तिथे मुलाने नको म्हटलं की पैसे बुडाल्यासारखे वाटतात. मूल तेच असतं, भीती तीच असते. बदललेली असते ती आपली नजर.

गंमत म्हणजे ज्या पार्कने जगाला ही वाट दाखवली, तिथेही सुरुवातीला जत्रेसारखीच पद्धत होती. वॉल्ट डिस्ने यांचं डिस्नेलँड कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. तिथे राइडसाठी वेगवेगळी तिकिटं लागत. पुढे त्यांची पुस्तिका मिळायची. साध्या राइडसाठी 'ए', थोड्या मोठ्यांसाठी 'बी', 'सी' अशी अक्षरं असत. १९५९ मध्ये सर्वांत मोठ्या राइडसाठी 'ई' तिकीट आलं. लाकडी घोड्यांचं गोल फिरणारं चक्र 'ए' तिकिटात यायचं, म्हणजे सगळ्यात स्वस्तात. ही पुस्तिका १९८२ मध्ये बंद झाली आणि फाटकावर एकदाच पैसे देऊन आत सगळं खुलं, ही पद्धत कायम झाली.

आपल्याकडे दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये, आणि खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये. आज आपल्यातले बरेच पालक स्वतः शाळेच्या सहलीतून अशा ठिकाणी गेलेले आहेत. त्यामुळे आपल्या मनात आपल्या वयाची, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाची मजा पक्की बसलेली असते. तीच आपण साडेचार वर्षांच्या मुलाकडून मागतो.

डिस्ने स्वतः एक आठवण सांगत. ते आपल्या मुलींना बागेतल्या फिरत्या घोड्यांवर बसवायचे आणि स्वतः बाकावर बसून राहायचे. तिथे त्यांच्या मनात आलं, की आईवडील आणि मुलं मिळून मजा करू शकतील अशी एखादी जागा हवी. म्हणजे मूळ कल्पना 'मिळून' ही आहे. राइड मोजायच्या ही कल्पना आपली.

उंचीची पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

उंचीची अट कशासाठी असते, हे पालकांनी नीट समजून घ्यायला हवं. राइडमधला दांडा किंवा पट्टा ठरावीक अंगकाठीच्या माणसासाठी बनवलेला असतो. मूल फार लहान असेल तर दांडा मांड्यांवर नीट टेकत नाही आणि मूल खालून किंवा बाजूने निसटू शकतं. म्हणून ही अट कोणाच्या ओळखीवर, विनंतीवर किंवा "दोनच बोटं कमी आहे हो" असं म्हणून सैल करायची नसते. मुलाला जाड तळाचे बूट घालून उंची 'बसवणारे' पालक मी पाहिलेत. ते कर्मचाऱ्याला फसवत नाहीत, स्वतःच्याच मुलाला फसवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार मुलांची मधली उंची तिसऱ्या वर्षी साधारण ९५ ते ९६ सेंटिमीटर, चौथ्या वर्षी १०३ आणि पाचव्या वर्षी ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. अनेक राइडची अट याच आकड्यांच्या जवळपास सुरू होते. म्हणजे चार-पाच वर्षांची पुष्कळ मुलं रेघेच्या काठावर असतात. कोणी बसतं, कोणी बसत नाही. 'बसत नाही' हा मुलाचा अपमान नाही, हे घरूनच सांगून ठेवावं.

पण मुख्य मुद्दा पुढे आहे. पट्टी फक्त शरीराबद्दल बोलते. या दांड्यात हे मूल मावेल, एवढंच ती सांगते. मुलाचं मन तयार आहे का, हे तिला माहीत नसतं. ते मोजायची पट्टी आपल्याकडेच असते, आणि त्या पट्टीवर पहिली खूण मुलाच्या 'नको'ची असते.

तीन प्रकारचे 'नको'

मग मूल नको म्हणालं की प्रत्येक वेळी माघारीच फिरायचं का? तसंही नाही. माझ्या अनुभवात लहान मुलांचा 'नको' तीन प्रकारचा असतो.

१. भुकेचा किंवा झोपेचा नको. मूल चिडचिडं होतं, कशालाच हो म्हणत नाही, आवडीच्या गोष्टीलाही नाही. याला उपाय राइड नाही. पाणी, खाऊ, सावली आणि अर्धा तास मांडीवर डोकं.

२. अनोळखीपणाचा नको. मूल नको म्हणतं, पण मान वळवून वळवून तिकडेच बघत राहतं. त्याला वेळ हवा असतो. रांगेत घुसण्याआधी बाजूला उभं राहून ती राइड सुरू होताना, चालताना आणि थांबताना पूर्ण दाखवा. उतरणाऱ्या मुलांचे चेहरे दाखवा. मग फक्त एकदाच विचारा.

३. भीतीचा नको. मूल हात घट्ट धरतं, मागे सरकतं, गप्प होतं, नाहीतर पोट दुखतं म्हणतं. इथे थांबायचं. समजूत नाही, आमिष नाही, तुलना तर मुळीच नाही. "बरं, आज नको" एवढंच पुरे.

एक लक्षात ठेवा. किंचाळणारं मूल बहुतेक वेळा मजेत असतं. गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघावं. मी नेमकं उलटं समजले होते.

या वयात आणखी दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे वेळ. "तीन मिनिटांत संपेल" याचा चार वर्षांच्या मुलाला काहीच अर्थ लागत नाही. त्याच्यासाठी ते कधीच न संपणारं असतं. त्याऐवजी "आपण शाळेतली प्रार्थना दोनदा म्हणू, तेवढ्यात संपेल" असं सांगा. मूल मनात म्हणत बसतं आणि शेवट जवळ येतोय हे त्याला कळतं.

दुसरी गोष्ट, खरं आणि खोटं यांतली रेघ. ती या वयात पुसट असते. इमॅजिकामध्ये राजासॉरस नावाच्या डायनोसॉरवर बेतलेली, होडीतून जायची राइड आहे. मोठ्यांना ते यंत्राचं प्राणीसोंग म्हणून मौज वाटते. लहानाला मात्र अंधारात डरकाळी फोडणारा प्राणी खराच असतो. म्हणून घरीच गोष्ट सांगावी: राजासॉरस खरोखर होता, त्याची हाडं गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात सापडली, २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. पण असे सगळे डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. तिथे दिसेल तो माणसांनी बनवलेला, आत मोटर असलेला. इतकं सांगूनही मूल नको म्हणालं, तर तो वर सांगितलेला तिसरा 'नको' समजावा.

जाण्याआधी आणि तिथे गेल्यावर

- आठवडाभर आधी घराच्या भिंतीवर पेन्सिलीने मुलाची उंची नोंदवा. कुठे बसता येईल, कुठे नाही, हे घरीच सांगा. फाटकातली रडारड वाचते.
- मुलासोबत बसून फक्त तीन गोष्टी ठरवा. त्यातली एक पूर्णपणे मुलाच्या पसंतीची. बाकी जे होईल ते वरकड.
- निघताना मुलाचा आणि सोबतच्या सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवा. हरवलं तर अंगात कोणते कपडे होते हे त्या घाबरलेल्या क्षणी आठवत नाही.
- मुलाच्या मनगटावर किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला आपला मोबाईल नंबर लिहा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.
- हरवण्याचा धडा घरीच करून घ्या: "मी दिसले नाही तर शोधत फिरायचं नाही. आहे तिथेच थांबायचं. गणवेशातल्या दादाला-ताईला किंवा मूल सोबत असलेल्या मावशीला सांगायचं."
- दुपारचे दोन तास मोठ्या राइडसाठी धरूच नका. जेवण, सावली आणि बसून बघायचे खेळ यासाठी ठेवा.
- दोघं मोठे असाल आणि एखाद्या राइडवर तुम्हाला जायचं असेल, तर एकाने मुलाजवळ थांबा, मग अदलाबदल करा. काही पार्कांत दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारून घ्या.
- मूल पूर्ण थकायच्या आधी निघा. दिवसाचा शेवट मुलाच्या लक्षात राहतो. तो रडण्याचा नसावा.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांसाठी एक सूचना आधी. वर्गात "कोण कोण पार्कला गेलं होतं?" असा प्रश्न विचारू नका. आपल्या शाळांमध्ये तिथे कधीच न गेलेली, आणि एवढ्या तिकिटाचा विचारही करू न शकणाऱ्या घरातली मुलं असतात. जत्रा, उरूस, आठवडी बाजार, लग्नाचा मांडव, एसटी स्टँड हीसुद्धा मोठी, गर्दीची ठिकाणंच आहेत. सगळ्यांना सांगता येईल असं विचारा.

१. मोजमाप: वर्गाच्या भिंतीवर कागदी पट्टी लावून प्रत्येकाची उंची सेंटिमीटरमध्ये नोंदवा. वर्षाअखेर पुन्हा मोजा. तुलना दुसऱ्याशी नाही, स्वतःच्याच जूनमधल्या रेघेशी.

२. रांगेचं गणित (तिसरी-चौथी): रांगेत २४० जण पुढे आहेत. एका फेरीत २४ जण बसतात. एका फेरीला ४ मिनिटं लागतात. किती वेळ थांबावं लागेल? मग पुढचा प्रश्न: तेवढ्या वेळात रांगेत कोणता खेळ खेळता येईल?

३. विज्ञान: वहीच्या पुठ्ठ्याचा उतार करून त्यावरून गोटी सोडा. साध्या रोलर कोस्टरमध्ये साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते. पुढचा प्रवास गाडी उतारावर मिळालेल्या वेगावर करते. म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा बुटके असतात. हे मुलांनाच शोधून काढू द्या.

४. भाषा: 'माझी सहल' या निबंधात सगळा दिवस लिहायला सांगू नका. एकच क्षण लिहू दे. "आम्ही खूप मजा केली" हे वाक्य त्या दिवशी बाद!

५. 'नको' म्हणण्याचा सराव: दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने न भांडता, स्पष्ट आवाजात नको म्हणायचं. मग अदलाबदल. आग्रह करणाऱ्यालाही शिकवायचं, की नको ऐकल्यावर "बरं" म्हणून थांबायचं असतं. आपण मुलांना अनोळखी माणसाला 'नाही' म्हणायला शिकवतो. पण घरात, प्रेमाच्या माणसांपुढे तिचा 'नको' मानला गेला नसेल, तर बाहेर त्याच्यात बळ कुठून येणार?

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा

लेक सात वर्षांची व्हायच्या बेतात होती, तेव्हा तिच्या मावशीमुळे पुन्हा एकदा तसा योग आला. या वेळी मी मनाशी ठरवलं होतं: किती राइड झाल्या हे मोजायचं नाही. फाटकातून आत गेल्यावर तिला विचारलं, "कुठे जायचं?" ती थेट फिरत्या घोड्यांकडे गेली. उतरली, पुन्हा रांगेत उभी राहिली. पुन्हा तोच घोडा धरला. असं चार वेळा. होडीच्या झोपाळ्यासमोर ती थोडा वेळ उभी राहिली. मी काहीच बोलले नाही. ती म्हणाली, "आज नको." मी म्हणाले, "बरं." माझ्या डोक्यात तिकिटाचा हिशेब एकदा सुरू झालाच, खोटं कशाला सांगू! पण तोंडाबाहेर काढला नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "काय आवडलं गं सगळ्यात?" मला वाटलं, घोडा म्हणेल. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "शेजारच्या घोड्यावर तू होतीस ते."

तिकिटाचा हिशेब मी त्या दिवशी सोडून दिला. तुम्हीही मुलांना घेऊन कुठे निघाला असाल, मोठ्या पार्कला नाहीतर गावच्या जत्रेला, तर शेजारच्या घोड्यावर बसा.